चाकणची लाईन आणि बीजिंगचा शिक्का: रेअर अर्थ मॅग्नेटच्या टंचाईचं एक प्रकरण

गाडीच्या किमतीत ज्या भागाचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत आहे, त्या एका भागासाठी 2025 च्या पावसाळ्यात पुणे परिसरातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या असेंब्ली लाईन थांबायच्या बेतात आल्या. बॅटरी होती, चासी होती, कंट्रोलर होता, गिऱ्हाईकही होतं. नव्हते ते मोटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, बसणारे निओडिमियमचे मॅग्नेट. आणि ते नव्हते याचं कारण पुण्यात नव्हतं, दिल्लीतही नव्हतं. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा हा प्रकार.

काय घडलं, कोणत्या क्रमाने

2 एप्रिल 2025 ला ट्रम्प यांनी 'जशास तसं' आयातशुल्क जाहीर केलं. 4 एप्रिलला चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने आणि सीमाशुल्क प्रशासनाने मिळून सात रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा, मूलद्रव्यांवर निर्यात नियंत्रण लावलं: समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. त्यांचे मिश्रधातू आणि त्यांपासून बनलेले मॅग्नेटही यादीत आले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मराठी वृत्तवाहिन्यांनी सरसकट 'बंदी' म्हटलं. ही बंदी नव्हती, परवाना पद्धत होती. आणि हुकूम अमेरिकेपुरता नव्हता, सगळ्या देशांसाठी होता. अमेरिकेला वळसा घालून माल मिळू नये म्हणून कुंपण जगाभोवती घालावं लागतं, आणि त्या कुंपणात चाकणही आलं.

परिणाम आकड्यांत लगेच दिसला. चीनची मॅग्नेट निर्यात मे 2025 मध्ये 1,238 टनांवर आली, वर्षभरापूर्वीपेक्षा 74 टक्क्यांनी कमी. लंडनमध्ये अमेरिका-चीन बोलणी झाल्यावर जूनमध्ये ती 3,188 टनांवर गेली. म्हणजे नळ सुटला, पण कोणाच्या हंड्यात किती पाणी पडायचं ते नळवालाच ठरवत होता.

पुण्यात एप्रिल-मे शांततेत गेले, कारण गोदामात आणि समुद्रात आधीचा माल होता. जूनमध्ये खरेदी खात्यांची धावपळ सुरू झाली. जुलैत बजाज ऑटोचं चेतक स्कूटरचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं आणि ऑगस्ट हा 'शून्य महिना' ठरू शकतो, असं राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं. प्रत्यक्षात 20 ऑगस्टला पुरवठा पुन्हा सुरू झाला. आठवड्याने, 27 ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. अमेरिकेचं भारतीय मालावरचं 50 टक्के शुल्कही त्याच दिवशी लागू झालं. (मोटारींच्या बऱ्याच सुट्या भागांना वेगळं, 25 टक्क्यांचं शुल्क होतं, पण बाकीच्या अभियांत्रिकी मालाला पूर्ण झळ बसली.) एका पुरवठादार कारखान्याच्या दृष्टीने पाहिलं तर मागच्या दाराने कच्चा माल चीनने अडवलेला आणि पुढच्या दाराने पक्का माल अमेरिकेने महाग केलेला, अशी ती कोंडी होती.

सगळं अडलं ते डिस्प्रोशियमपाशी

निओडिमियम या यादीत नाही. मग मोटरचा मॅग्नेट का अडला? कारण तो नुसत्या निओडिमियमचा नसतो. निओडिमियम-लोह-बोरॉन मॅग्नेटमध्ये वजनाने साधारण 30 टक्के रेअर अर्थ, एक टक्का बोरॉन आणि बाकी लोखंड असतं. त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम थोडं घालतात. उष्णतेत मॅग्नेटने आपलं चुंबकत्व सोडू नये, एवढ्यासाठीच ते असतं.

बाजारात या मॅग्नेटच्या ग्रेड अक्षरांनी ओळखतात. नुसता 'एन' साधारण 80 अंश सेल्सियसपर्यंत, 'एच' 120 पर्यंत, 'एसएच' 150 पर्यंत, 'यूएच' 180 पर्यंत. 20 अंशांना एन ग्रेडची निग्राहिता, म्हणजे उलट्या चुंबकीय क्षेत्रापुढे टिकायची ताकद, किमान 12 किलोऑर्स्टेड असते आणि एसएचची 20. तापमान एका अंशाने वाढलं की ती सुमारे 0.6 टक्क्यांनी उतरते. म्हणजे रोटर 120 अंशांवर गेला की एन ग्रेडकडे पाचच्या आसपास उरते आणि एसएचकडे आठ-नऊ. आता मे महिन्यात डबलसीट स्कूटर कात्रजचा जुना घाट चढतेय असं समजा. वेग कमी, करंट जास्त, वारा नाही, स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाचं, उलटं क्षेत्र जोरात. इथे पाच आणि नऊ यांतला फरक म्हणजे घाट चढून आलेली गाडी आणि कायमचा पिकअप गेलेली गाडी. एकदा असं चुंबकत्व गेलं की मोटर थंड करून ते परत येत नाही. रोटर बदलावा लागतो.

म्हणूनच डिझायनर मंडळींनी वर्षानुवर्षं बिनधास्त एसएच किंवा यूएच ग्रेड लिहिली. स्वस्त होती, मिळत होती, वॉरंटीचा घोर नव्हता. ड्रॉइंगवर लिहिलेल्या त्या दोन अक्षरांची किंमत एप्रिल 2025 पर्यंत कोणी मोजलीच नव्हती.

कागदाचा प्रवास

परवाना चिनी पुरवठादार मागतो, भारतीय आयातदार नाही. पण त्याच्या अर्जाला जोडायचं अंतिम वापर प्रमाणपत्र भारतातून जावं लागतं. मोटर बनवणारा कारखाना हमीपत्र देतो: माल कोणता, किती, कोणत्या गाडीत जाणार, लष्करी वापर होणार नाही. त्यावर भारत सरकारच्या मंत्रालयांचं साक्षांकन, मग दिल्लीतल्या चिनी दूतावासाची पडताळणी, मग कागद चीनमधल्या पुरवठादाराकडे, तिथून त्याच्या प्रांताच्या वाणिज्य विभागामार्गे बीजिंगला. तिथे छाननीला नियमाने 45 कामकाजाचे दिवस, म्हणजे नऊ आठवडे. जूनमध्ये भारतीय कंपन्यांचे अर्ज दूतावासातून पुढे गेले होते, बीजिंगमध्ये मात्र ते पडून होते.

या साखळीत चूक होते ती बहुतेक वेळा क्षुल्लक जागी. हमीपत्रावर मोटर कारखान्याचं नाव, पर्चेस ऑर्डरवर मुंबईतल्या एजंटचं, आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, तिसऱ्याच गोदामाचा पत्ता, अशी तीन नावं एका मालाला असली की 'अंतिम वापरकर्ता नेमका कोण' हा प्रश्न उभा राहतो. दुसरी जागा वजनाची. ऑर्डर नगांत असते, परवाना किलोत. तिसरी जागा ग्रेडची: ऑर्डरमध्ये एसएच लिहिलंय आणि पुरवठादाराच्या रासायनिक तपासणी अहवालात डिस्प्रोशियमचं प्रमाण वेगळं दिसतंय, तर माल परवान्यात बसतो की नाही हे कस्टम्स ठरवतं, आणि ठरेपर्यंत कंटेनर बंदरात. सुरुवातीच्या महिन्यांत तर यादीत नसलेले, डिस्प्रोशियम नसलेले मॅग्नेटही तपासणीसाठी अडकले. यावर उपाय रटाळ पण खात्रीचा आहे. प्रत्येक बॅचचा रासायनिक अहवाल, कागदावर सगळीकडे एकच नाव, नग आणि किलो दोन्ही, आणि मालाच्या वर्गवारीचा एचएस कोड, 8505 11, सर्वत्र सारखा.

मात्र चिनी बाजूने कधी मोटरची ड्रॉइंग, कधी कारखान्याचे फोटो, कधी ग्राहकाचं नाव मागितलं जायचं. इथे कागदपत्राच्या आड स्पर्धकाला माहिती जाते, आणि ती न द्यावी तर फाईल हलत नाही. ज्यांनी ड्रॉइंगवरची रोटरची मापं झाकून नुसता बाह्य आकार दिला, त्यांचं वागणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

पुण्याची खास अडचण

'लष्करी वापर नाही' हे वाक्य लिहिणं तिरुपूरच्या कापडवाल्याला सोपं आहे. पुण्यात तसं नाही. खडकीला दारूगोळा कारखाना, पाषाणला एआरडीई आणि एचईएमआरएल, दिघीला संरक्षण संशोधनाची आणखी एक प्रयोगशाळा, मुंढव्याला तोफा बनवणारा उद्योगसमूह. या सगळ्यांना माल पुरवणारी लहान-मध्यम युनिट्स भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावात पसरलेली आहेत आणि त्यांतली बरीच एकाच छपराखाली दोन्ही कामं करतात. सकाळी स्कूटरच्या मोटरचं हाऊसिंग, दुपारी संरक्षण खात्याच्या ऑर्डरीचा भाग, तीच मशीन, तोच ऑपरेटर.

अशा युनिटला हमीपत्र द्यायचं तर नुसता शब्द पुरत नाही. मॅग्नेटचा साठा वेगळ्या कुलपात, वेगळ्या रजिस्टरवर, बॅच क्रमांकापासून रोटरच्या अनुक्रमांकापर्यंत माग लागेल असा ठेवावा लागतो. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस काही भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्याला परराष्ट्र मंत्रालयाने दुजोरा दिला. त्यासोबत आणखी एक अट बातम्यांमध्ये आली: या मालाची अमेरिकेला पुनर्निर्यात नको. म्हणजे जो कारखाना तीच मोटर डेट्रॉईटच्या ग्राहकालाही पाठवतो, त्याला आता साठ्याचे दोन नव्हे तीन कप्पे करायचे. महासत्तांची स्पर्धा म्हणजे काय, हे भोसरीच्या स्टोअरकीपरला असं रॅकवरच्या लेबलांमधून कळतं.

सुटकेचे मार्ग आणि त्यांची किंमत

पहिला मार्ग: मॅग्नेट नको, बसवलेला रोटर किंवा अख्खी मोटरच चीनमधून आणा. तयार मोटरला मॅग्नेटसारखं नियंत्रण नव्हतं. हा मार्ग सगळ्यांत जलद आणि आमच्या मते सगळ्यांत वाईट. मॅग्नेट घालणं, बॅलन्सिंग, वाइंडिंग ही कामं इथून जातात. शिवाय वाहन उद्योगाच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत 50 टक्के देशी मूल्यवर्धन दाखवावं लागतं. अख्खी मोटर बाहेरची झाली की ते गणित कोसळतं. लाईन चालू राहते, अनुदान जातं.

दुसरा मार्ग, हलक्या रेअर अर्थचे, म्हणजे डिस्प्रोशियम-टर्बियम नसलेले मॅग्नेट. खरी सुटका बहुतांशी इथून झाली. पण ग्रेड बदलली की नुसतं पार्ट नंबर बदलून चालत नाही. मॅग्नेटची जाडी वाढवायची, रोटरमधली जागा त्याप्रमाणे बदलायची, स्टेटरमधून उष्णता बाहेर काढायची वाट सुधारायची आणि कंट्रोलरमध्ये तापमान वाढलं की करंट कमी करणारी मर्यादा अलीकडे आणायची. मग तपासणी. थंड मोटर फिरवून तिचा बॅक-ईएमएफ, म्हणजे मॅग्नेट फिरल्याने तयार होणारा विद्युतदाब, मोजायचा, मोटर कमाल तापमानाला नेऊन तीन फेजचं शॉर्ट सर्किट द्यायचं, पुन्हा थंड करून त्याच वेगाला बॅक-ईएमएफ मोजायचा. आकडा आधीपेक्षा ठळकपणे खाली आला तर मॅग्नेट मार खाऊन आला आहे. त्यानंतर एआयएस-041 या वाहनांच्या भारतीय मानकानुसार निव्वळ शक्ती आणि 30 मिनिटांची शक्ती पुन्हा सिद्ध करायची. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था हाकेच्या अंतरावर आहे, हा पुणेकर कारखान्यांचा फायदा. पण चाचणीच्या वेळा सगळ्यांना एकाच महिन्यात हव्या असल्या की जवळ असून उपयोग काय.

इथे घाईत एक चूक होते. चाचणी नव्या, कोऱ्या मोटरवर होते आणि गाडी तीन उन्हाळे जुनी होते. फॅनवर चिखल बसलेला, थर्मल पेस्ट वाळलेली, तापमानाचा सेन्सर वाइंडिंगमध्ये, आणि मॅग्नेट मात्र रोटरमध्ये. सेन्सरने 120 दाखवलं तेव्हा रोटर किती होता, हे अंदाजानेच ठरवलेलं असतं. डिस्प्रोशियम होतं तोवर हा अंदाज चुकला तरी चालून जायचं.

फेराइट मॅग्नेटचं नाव फार घेतलं जातं. त्यांची ऊर्जा निओडिमियमच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणून तेवढाच टॉर्क हवा तर मोटर मोठी आणि जड होते. रिलक्टन्स मोटरमध्ये मॅग्नेटच नाही, पण आवाज आणि टॉर्कची थरथर आहे. दोन्हींना भविष्य आहे. ऑगस्टमधल्या तुटवड्याला मात्र ती उत्तरं नव्हती.

राहिला साठा. समजा एका मोटरला 300 ग्रॅम मॅग्नेट लागतात आणि महिन्याला 12,000 मोटर बनतात. म्हणजे महिन्याला 3.6 टन, तीन महिन्यांचे 11 टनांच्या आत. एका मोठ्या ट्रकमध्ये मावेल एवढा माल! पुण्याच्या हवेत पावसाळ्यात हे मॅग्नेट गंजतात, त्यामुळे निर्वात पाकिटात, सिलिका जेलसह ठेवावे लागतात. शक्य तिथे चुंबकित न केलेले घ्यावेत आणि रोटरमध्ये बसवल्यावरच चुंबकित करावेत, म्हणजे हाताळणीही सोपी जाते. एवढंच. ही काही अवघड गोष्ट नव्हती. 'जेवढं लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच' या खरेदीच्या सवयीला आपण कार्यक्षमता म्हणत आलो, आणि ज्या मालाचा जवळजवळ एकच विक्रेता आहे त्यालाही ती लावली. 2024-25 मध्ये भारताने आयात केलेल्या सुमारे 540 टन मॅग्नेटपैकी 80 टक्क्यांहून अधिक चीनमधून आले होते.

विमानाने आणू म्हणाल तर तेही सरळ नाही. चुंबकित माल विमान वाहतुकीत यूएन 2807 या क्रमांकाखाली धोकादायक माल ठरतो. पेटीपासून 4.6 मीटरवर क्षेत्र 0.00525 गॉसच्या वर गेलं तर विमानात घेत नाहीत. ध्रुव उलटसुलट रचून आणि पेटीत पोलादी पत्रे घालून ते खाली आणावं लागतं, नाहीतर विमानतळावरून पेटी परत.

क्वाड, जपान आणि आपली वाळू

1 जुलै 2025 ला वॉशिंग्टनमध्ये क्वाडच्या, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या गटाच्या, परराष्ट्रमंत्र्यांनी महत्त्वाच्या खनिजांसाठी संयुक्त उपक्रम जाहीर केला. त्याच महिन्यात चेतकचं उत्पादन अर्ध्यावर होतं. यात क्वाडला हिणवायचा हेतू नाही. खाणीपासून मॅग्नेटपर्यंतची साखळी उभी करायला वर्षं लागतात आणि लाईन थांबायला आठवडे पुरतात, एवढाच मुद्दा.

जपानचं उदाहरण पाहा. सप्टेंबर 2010 मध्ये सेनकाकू बेटांजवळ बोटींची टक्कर झाली आणि चीनने जपानचा रेअर अर्थ पुरवठा आवळला. 2011 मध्ये जपानची सरकारी संस्था जोगमेक आणि व्यापारी कंपनी सोजित्झ यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत 25 कोटी डॉलर घातले. त्या लायनसच्या मलेशियातल्या कुआंतान कारखान्यात चीनबाहेरचं व्यापारी प्रमाणावरचं डिस्प्रोशियम ऑक्साईड निघालं ते मे 2025 मध्ये. चौदा वर्षं. पैसा होता, निर्धार होता, तंत्रज्ञ होते, तरी चौदा वर्षं.

आपल्याकडे तर प्रकार आणखी गमतीचा. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे. त्यात थोरियम असल्यामुळे ते अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात, आणि काम 1950 पासून आयआरईएल या सरकारी कंपनीकडे. त्यातून निओडिमियम निघतं, पण त्याचा धातू करायचा, मिश्रधातूच्या पट्ट्या ओतायच्या, तीन-पाच मायक्रॉनची भुकटी करायची, चुंबकीय क्षेत्रात दाबून हजार अंशांच्या वर निर्वात भट्टीत भाजायची, ही मधली साखळीच देशात मोठ्या प्रमाणावर नव्हती. म्हणून 2012 च्या करारानुसार विशाखापट्टणमहून टोयोटा त्सुशो या जपानी समूहाच्या कंपनीमार्फत माल जपानला जायचा, 2024 मध्ये हजार टनांवर. वाळू आपली, मॅग्नेट परक्याचा. जून 2025 मध्ये ही निर्यात थांबवायला आयआरईएलला सांगितल्याच्या बातम्या आल्या. समजण्यासारखं आहे, पण क्वाडमधल्या ज्या जोडीदाराकडून मॅग्नेटचं तंत्र शिकायचं, त्याचाच कच्चा माल रोखायचा, हे सहकार्याला धरून नाही. शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोशियम नगण्य, म्हणजे खरी नस तशीच दाबलेली राहते.

26 नोव्हेंबर 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 7,280 कोटी रुपयांची मॅग्नेट योजना मंजूर केली. वर्षाला 6,000 टन क्षमता, जास्तीत जास्त पाच उत्पादक, प्रत्येकी 1,200 टनांपर्यंत. 6,450 कोटी विक्रीवर, 750 कोटी भांडवली. सात वर्षांच्या मुदतीतली पहिली दोन उभारणीची. भट्ट्या आणि दाबयंत्रं बसवायला लागणारे तंत्रज्ञ पुष्कळदा चिनीच असतात, आणि एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 पासून चिनी गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागते. सुरक्षेची चाळणी आणि कारखान्याची घाई इथे समोरासमोर येतात. त्यावर धोरण अजून चाचपडतंच आहे.

मग ऑगस्टमध्ये माल सुटला कशाने? ग्रेड बदलल्याने, आणि जुन्याच पद्धतीच्या द्विपक्षीय बोलण्याने. 18-19 ऑगस्टला चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत होते. खतं, रेअर अर्थ आणि बोगदा खोदणारी यंत्रं यांचा विषय निघाल्याच्या बातम्या होत्या. महिनाअखेरीस पंतप्रधान शांघाय सहकार्य संघटनेच्या परिषदेसाठी तियानजिनला गेले.

तारीख

9 ऑक्टोबर 2025 ला चीनने आणखी कडक नियम आणले. त्यांतला एक असा की परदेशी वस्तूतही 0.1 टक्के मूल्याचा चिनी रेअर अर्थ माल असला तर परवाना लागेल. 30 ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प-शी भेट झाली आणि हे ऑक्टोबरचे नियम 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत स्थगित झाले. एप्रिलची परवाना पद्धत मात्र तशीच राहिली.

10 नोव्हेंबर 2026 ही तारीख ऐन दिवाळीतली. त्या दिवाळीच्या गाड्या ऑक्टोबरमध्ये डीलरकडे जायच्या, तर मोटर ऑगस्टअखेरीपासून तयार व्हायला हव्यात आणि मॅग्नेट ऑगस्टच्या मध्याला स्टोअरमध्ये. न्हावा शेवाला सोडवून चाकणला आणायला एक आठवडा, समुद्रात तीन, बीजिंगच्या छाननीला नऊ, भारतातल्या साक्षांकनाला सुरळीत चाललं तर चार. हमीपत्रावर पहिली सही एप्रिलच्या मध्याला झाली तरच हे जमतं, आणि कुठे एक नाव चुकलं तर तेही नाही. दिवाळीच्या गाडीची फाईल गुढीपाडव्याला उघडायची, असा हा हिशेब येतो.